दौऱ्यावरच्या नटाची पत्रं निवडून छापू नका, सगळी ठेवा

व्हिक्टोरियन काळातल्या बड्या नटांची खासगी पत्रं लोकांनी वाचावीत का, हा वाद जुन्या रंगभूमीवर जीव असलेल्या मंडळींत दर थोड्या वर्षांनी परत निघतो आणि दरवेळी तसाच वाया जातो. एक गट पत्रांच्या ढिगातून एक वाक्य उचलतो, बहुतेक वेळा पैशाचं नाहीतर परदेशातल्या प्रेक्षकांना नावं ठेवणारं, आणि म्हणतो बघा हा तुमचा महान कलावंत, आतून निव्वळ दुकानदार आणि वर शिष्ट. दुसरा गट लगेच अंगावर येतो की मेलेल्या माणसानं बायको-मुलीला लिहिलेली पत्रं उघडणं हाच मुळात असभ्यपणा, नट बघायचा तो स्टेजवर. मला दोन्ही बाजू पटत नाहीत आणि त्याचं कारण एकच आहे, दोघंही पत्र म्हणजे एका माणसाचं मन असं धरून चालतात. परदेश दौऱ्यावर निघालेल्या अ‍ॅक्टर-मॅनेजरचा पत्रव्यवहार हे एका फिरत्या धंद्याचं ऑफिस होतं, त्यात चार-पाच जणांचे हात असायचे, त्यात भाडी, पगार, आजारपणं, भांडणं सगळं यायचं, आणि म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: तो सगळाच्या सगळा जपा आणि सगळा उघडा करा. उदात्त पत्रं निवडणं बंद करा आणि लाजिरवाणी निवडणंही बंद करा.

अ‍ॅक्टर-मॅनेजर काय काय करायचा ते आधी डोळ्यासमोर आणा. थिएटर भाड्यानं घेणार तो, नाटक ठरवणार तो, पडदे रंगवून घेणार तो, आठवड्याचे पगार देणार तो आणि रात्री हॅम्लेटही तोच. आपल्याकडे नाटक मंडळ्यांच्या काळात मालकच मुख्य काम करायचा आणि मुक्कामावरच्या बिऱ्हाडाचा किराणाही त्याच्याच डोक्याला असायचा, त्यामुळे मराठी माणसाला हे फार समजावून सांगायची गरज नाही. असा माणूस बोटीत बसून समुद्रापार गेला की लंडनमधलं घर, देणेकरी, मुलं, वकील सगळं मागं राहतं आणि तो गाडा हाकायला एकच साधन उरतं, टपाल.

चार्ल्स कीनचं उदाहरण घ्या. बाप एडमंड कीन, ज्यानं इंग्लंडला वेड लावलं होतं. १८३३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो करताना तो स्टेजवर कोसळला तेव्हा समोर इयागो करत होता तो हाच मुलगा. चार्ल्सनं १८५० ते १८५९ लंडनचं प्रिन्सेस थिएटर चालवलं, शेक्सपिअरच्या नाटकातली प्रत्येक कमान, प्रत्येक अंगरखा इतिहासाची पुस्तकं धुंडाळून त्या त्या काळाबरहुकूम केला, विंडसरच्या राजवाड्यात राणीसाठी होणारे प्रयोगही तोच बसवायचा. पुढे मोठी नटी झालेली एलन टेरी नऊ वर्षांची असताना १८५६ ला याच थिएटरात पहिल्यांदा लोकांसमोर आली. निरोपाच्या भाषणात त्यानं स्वतः सांगितलं होतं की एकट्या एका सीझनला पन्नास हजार पौंडांच्या घरात खर्च झालाय आणि साडेपाचशेच्या आसपास माणसं त्याच्याकडे कामाला होती. एवढं करून हाती काय उरलं? म्हातारपण निभेल इतकंही नाही. म्हणून १८६३ मध्ये, स्वतःचं वय ५२ आणि बायको एलन ५७ ची, दोघं ऑस्ट्रेलियाला निघाली. मेलबर्नचा थिएटरवाला जॉर्ज कॉपिन यानं बोलावलं होतं, सोबत एलनची भाची आणि दोन नट, बस. मेलबर्न, सिडनी, मग तिथून पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया, मग न्यूयॉर्क. लिंकनचा खून झाला तेव्हा ही मंडळी अमेरिकेतच होती. १८६६ ला घरी परतले आणि १८६८ च्या जानेवारीत चार्ल्स गेला. या तीन वर्षांत मेरी नावाची मुलगी इंग्लंडात मागं होती आणि तिला, नातेवाइकांना, मित्रांना गेलेली पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात.

आता ती पत्रं वाचून लोक म्हणतात की ही माणसं सदा कुरकुरतात. उकाडा, धूळ, महागाई, दुखणी, प्रेक्षक कमी, प्रेक्षक उद्धट. बरोबर आहे, कुरकुर आहेच. पण त्या काळी मेलबर्नहून लंडनला पत्र पोचायला दीड-दोन महिने लागायचे आणि इंग्लंडची मोठी मेल, म्हणजे टपालाची बोट, महिन्यातून एकदा निघायची. ऑस्ट्रेलिया तारेनं जोडली गेली ती १८७२ ला. म्हणजे दुखणं लिहिलं तर त्यावर मुलीचे दोन शब्द परत यायला तीन-चार महिने, तोवर दुखणं बरं झालेलं असेल नाहीतर माणूसच गेलेला असेल. मेल सुटायच्या आदल्या रात्री प्रयोग संपवून बसून महिन्याभराचं सगळं एका कागदावर ओतायचं, त्यात तक्रारी दाटून येणार नाहीत तर काय होईल? आणि याच्या बरोबर उलटं पण झालेलं असणार, लेक घाबरू नये म्हणून कितीतरी लिहिलंच नसणार. तेव्हा एका पत्रातल्या एका वाक्यावरून स्वभाव ठरवणाऱ्याला मी विचारते, त्या आधीच्या आणि नंतरच्या मेलमध्ये काय गेलं ते तुम्ही बघितलंत का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं, कारण त्यांच्या हातात निवडक संग्रह असतो किंवा कुणीतरी दिलेला उताराच असतो फक्त.

पैशाचंही तेच. पत्रात पावलापावलाला आज किती जमले, हॉटेलला किती गेले, किती शिल्लक पाठवतोय हे येतं आणि आपल्याकडे कलावंतानं पैशाचं नाव काढलं की लगेच तो खालच्या दर्जाचा ठरतो. नटाला तेव्हा पेन्शन नव्हती, ग्रँट नव्हती, रेकॉर्डिंग नव्हतं, आवाज बसला की उत्पन्न बंद. चार्ल्सनं बापाची दैना बघितलेली होती, एटनच्या बड्या शाळेतून शिक्षण सोडून स्टेजवर यावं लागलं ते घरच्या ओढाताणीपायीच. आणि प्रवास काय सुखाचा होता का? जी. व्ही. ब्रूक हा त्याच काळातला मोठा नट, ऑस्ट्रेलियात आधी नाव काढलेला, १८६६ च्या जानेवारीत परत तिकडे जायला निघाला आणि बिस्केच्या उपसागरात ‘लंडन’ नावाची बोट बुडाली त्यात गेला. असा जीव मुठीत घेऊन फिरणारी साठीकडे झुकलेली बाई आपल्या मुलीला लिहिते की इतके पौंड साठले, तर त्यात मला हाव दिसत नाही. आणि जरी हाव असती तरी ते आकडे मला हवेच आहेत, कारण एका प्रयोगाचा गल्ला, थिएटरवाल्याचा वाटा, बरोबरच्या नटाचा पगार हे वर्तमानपत्रातल्या परीक्षणात येत नाही.

याच पत्रांत स्थानिक नटांना नावं ठेवलेली असतात, त्याचंही असंच आहे. कीनच्या वेळची पद्धत अशी होती की स्टार दोन-चार माणसं घेऊन जायचा आणि बाकीची भरती त्या गावच्या थिएटरच्या कायमच्या कंपनीतून व्हायची. स्टार येणार म्हणून प्रॉम्प्टबुकं आधी तयार करून ठेवायची, कोण कुठून येणार, कुठं उभं राहणार, मधले कुठले भाग कापलेत. आधीच्या पिढीतला बडा नट मॅक्रेडी, त्याच्या नाटकांची अशी प्रॉम्प्टबुकं जॉर्ज एलिस या माणसानं कीनसाठी उतरवून दिली होती, ती आजही अभ्यासाला मिळतात. पण बुक कितीही चांगलं असलं तरी चार-दोन तालमींत अनोळखी माणसांबरोबर मॅकबेथ उभा करायचा म्हणजे काय होत असेल? त्यावरची चिडचिड त्या माणसांवरची वाटते, खरं ती त्या पद्धतीवरची आहे. पुढच्या पिढीतला अ‍ॅक्टर-मॅनेजर हेन्री आयर्व्हिंग, त्यानं वीस वर्षांनी लंडनच्या लायसियम थिएटरची अख्खी कंपनी, पडदे, सामान सगळं बोटीत घालून अमेरिकेला नेलं ते का, याचं उत्तर आधीच्या पिढीच्या या कुरकुरीतच आहे. कुरकुर काढून टाकून फक्त कीर्तीची पत्रं ठेवली तर हा बदल का झाला हे कळणारच नाही.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेते, खासगीपणाचं. पत्र मेरीला होतं, मला नव्हतं. ती बाई हो म्हणाली असती का? आणि पत्रात ज्यांची उणीदुणी काढली, तो बिचारा स्थानिक नट, ती भाड्याच्या घराची मालकीण, त्यांची बाजू सांगायला कोण आहे? हे मला खरंच टोचतं आणि म्हणूनच जिवंत माणसांच्या बाबतीत मी पत्रं उघडायच्या पूर्ण विरोधात आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती पिढी आणि तिची मुलं जाईपर्यंत थांबायला हवं. पण शंभर-दीडशे वर्षांनीही हाच मुद्दा लावायचा तर तो सगळीकडे लावा ना. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र आपण मराठी माणसं किती अभिमानानं सांगतो, मोठ्या पगाराच्या मागे न लागता पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवीन हे त्यांनी आईला कळवलं होतं. ते पत्र काय जाहीर सभेसाठी लिहिलेलं होतं? आईलाच लिहिलेलं होतं. तरी ते छापलं म्हणून कुणी हरकत घेत नाही, घेऊही नये. म्हणजे पत्रात त्याग असला की ते सगळ्यांचं आणि पगाराची चिंता असली की ते खासगी, हा न्याय कसा काय चालेल? हा खासगीपणाचा आदर नाहीच, ही प्रतिमेची राखण आहे आणि ती करणाऱ्यांनी तसं स्पष्ट म्हणावं.

प्रतिमा राखायला गेलं की काय होतं ते मॅक्रेडीच्या बाबतीत दिसतं. विल्यम चार्ल्स मॅक्रेडी, कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन दोन्ही चालवून झालेला माणूस, १८४८ मध्ये तिसऱ्यांदा अमेरिकेला गेला. तिकडचा स्टार एडविन फॉरेस्ट आणि तो, दोघांचं आधीपासून बिनसलं होतं, १८४६ ला एडिंबरोत मॅक्रेडीच्या हॅम्लेटला फॉरेस्टनं प्रेक्षकांतून ‘हिस्स’ असा आवाज काढून नापसंती दाखवली आणि वर ‘टाइम्स’ला पत्र लिहून हो मीच केलं म्हणून सांगितलं. मग अमेरिकेत पेपरांतून पत्रापत्री, आरोप, धमक्या. मॅक्रेडीनं इंग्लंडहून लोकांची पत्रं मागवून घेतली आणि आपल्या बाजूचा पुरावा म्हणून न्यूयॉर्कमध्ये छापली. सिनसिनाटीला स्टेजवर मेंढीचं अर्धं धड फेकलं गेलं. ७ मे १८४९ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाउसमध्ये मॅकबेथ चालू असताना अंडी, बटाटे, खुर्च्या आणि हिंगाच्या बाटल्या आल्या, प्रयोग बंद पडला. तो परत जायला निघाला होता, पण शहरातल्या नामांकित लोकांनी, त्यात वॉशिंग्टन आयर्व्हिंग आणि हर्मन मेलव्हिल हे लेखक होते, सह्यांचं पत्र देऊन थांबवलं. १० मेला तो परत उभा राहिला, बाहेर हजारोंचा जमाव, मिलिशियानं गोळ्या झाडल्या आणि किमान २२ माणसं मेली. मॅक्रेडी वेश बदलून निसटला.

या एका प्रकरणात पत्र या गोष्टीनं किती कामं केली बघा. पेपरातलं पत्र भांडण पेटवतं, मागवलेलं पत्र साक्षीदार होतं, सह्यांचं पत्र माणसाला थांबवून घेतं आणि त्या थांबण्यातून माणसं मरतात. मॅक्रेडीची अमेरिकेवरची तुच्छता दाखवणारी चार वाक्यं निवडली तर तो घमेंडखोर साहेब ठरतो, शांतपणे संकट सोसल्याची चार वाक्यं निवडली तर हुतात्मा. पण दोन्हीकडची सगळी पत्रं, पत्रकं, उत्तरं ओळीनं लावली की दोन नटांच्या वैराखाली काय खदखदत होतं ते कळतं, हातमोजे घालून यायची अट असलेलं श्रीमंतांचं ऑपेरा हाउस, खालच्या वर्गाचा राग, इंग्रजांवरचा राग, आणि या रागावर राजकारण करणारी माणसं. आणि याच मॅक्रेडीच्या डायऱ्यांचं घरच्यांनी काय केलं? १८७५ ला पहिली निवड छापली गेली ती बरीच सोज्वळ, १९१२ ला जास्त मजकूर आला तेव्हा लोकांना त्याचा भयंकर संताप आणि त्या संतापावर त्यानं स्वतःला घातलेल्या शिव्या दिसल्या, आणि मग मूळ वह्या घरातच जाळल्या गेल्या. आता कुणी म्हणालं की संपादकानं इथं काहीतरी गाळलंय तर ताडून बघायला फारसं काही उरलेलं नाही. त्याचा मित्र, कादंबरीकार डिकन्स, त्यानं १८६० च्या सप्टेंबरमध्ये गॅड्स हिलच्या घरामागं वर्षानुवर्षांची आलेली पत्रं स्वतःच्या हातानं जाळली. कवी बायरनच्या आठवणी १८२४ मध्ये प्रकाशकाच्या घरात जाळल्या. बायरनची अब्रू त्यानं वाचली का? उलट त्यात काय असेल याच्या वावड्या आजपर्यंत उठतायत. जाळल्यानं कुचाळकी थांबत नाही, फक्त ती खोटी पाडायचं साधन जातं.

आणखी एक आक्षेप आहे, तो हल्ली जास्त ऐकू येतो आणि तो हलका नाही. या पत्रांत वंशाचा, वर्गाचा, वसाहतीतल्या लोकांबद्दलचा तिरस्कार असतो, आयरिश लोकांबद्दल, काळ्या माणसांबद्दल आज वाचवत नाही असं लिहिलेलं सापडतं. ते जसंच्या तसं जगासमोर ठेवून आपण तो विखार परत पसरवतो का? ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना ते वाचताना लागणार, हे मान्यच करायला हवं, नुसतं “त्या काळी तसंच होतं” म्हणून उडवून लावता येत नाही. पण गाळल्यावर काय उरतं ते बघा. उरतो एक सुसंस्कृत इंग्लिश नट जो जगाला शेक्सपिअर द्यायला निघाला. ज्या प्रेक्षकांच्या शिलिंग-डॉलरवर त्याचं म्हातारपण निघणार होतं त्यांच्याबद्दल तो खोलीचं दार लावून काय लिहीत होता, हे ज्यांना कळायला हवं त्यांच्यापासूनच आपण ते लपवणार. यात फायदा साम्राज्याच्या गोड आठवणींचा होतो, दुखावलेल्यांचा होत नाही. सोबत टीप द्या, संदर्भ द्या, शाळेच्या पुस्तकात घालू नका, पण कागदावरचा शब्द कागदावर राहू दे.

आता आयर्व्हिंगकडे येते, कारण “पत्र म्हणजे त्याचं मन” ही समजूत तिथं पूर्ण कोसळते. त्याचा पहिला अमेरिका दौरा २९ ऑक्टोबर १८८३ ला न्यूयॉर्कच्या स्टार थिएटरात सुरू झाला. (आपल्याकडे आगरकरांनी मराठीत आणलेला हॅम्लेट, ‘विकारविलसित’, आला तो याच वर्षी, पुढे गणपतराव जोशींचा हॅम्लेट त्याच्यावरच उभा राहिला.) असे एकूण आठ दौरे झाले आणि लंडनच्या लायसियमचा खर्च पेलायला या दौऱ्यांच्या पैशाचा मोठा आधार होता. या सगळ्याचा कारभार बघणारा माणूस ब्रॅम स्टोकर, होय, ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा. त्यानं स्वतःच अंदाज दिलाय की आयर्व्हिंगसाठी त्यानं सत्तावीस वर्षांत पाच लाखांच्या आसपास पत्रं लिहिली, दिवसाला पन्नास धरली तर हिशेब जुळतोही. मग आयर्व्हिंगच्या सहीचं एखादं गोड, नम्र पत्र हातात घेऊन “किती साधा माणूस” म्हणणाऱ्यानं त्यातला नम्रपणा कोणाचा आहे ते कसं ठरवावं? आणि सहीच्या वरचं एखादं कोरडं, तुसडं उत्तर बघून त्याला माणूसघाणा म्हणणाऱ्यानं तरी कसं? अक्षर कोणाचं, मजकूर कोणी सांगितला, कुठल्या गावातून, रेल्वे किती उशिरा पोचली होती त्या दिवशी, हे सगळं शेजारच्या दहा कंटाळवाण्या पत्रांतून कळतं. सामानाच्या पेट्यांबद्दल, गर्दीच्या सीनला गावात भाड्यानं घ्यायच्या माणसांबद्दल, खोल्यांच्या बुकिंगबद्दल. नेमकी हीच पत्रं संपादक आधी बाजूला काढतात कारण वाचकाला कंटाळा येईल. वाचकाला येऊ दे की कंटाळा, तो पान उलटेल, पण शोधणाऱ्याला ते पान सापडायला तर हवं.

एका नावाखाली अनेकांचे हात, ही रचना सगळीकडेच आहे. कीनच्या दौऱ्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं कितीतरी एलनच्या हातचं आहे. ती स्वतः त्याच्याइतकीच नावाजलेली नटी, एलन ट्री म्हणून लग्नाआधी अमेरिका गाजवून आलेली, आणि तरी चर्चा होते ती “कीन काय म्हणाला” अशी. निवडीचा संग्रह नटाच्या नावानं निघतो, सगळा पत्रव्यवहार ठेवला की मग बायको, भाची, कारभारी, प्रॉम्प्टर ही माणसं दिसायला लागतात. मला यातली सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

राहिला खर्च. संग्रहालयांकडे पैसा नाही, माणसं नाहीत, पाच लाख पत्रं कोण स्कॅन करणार, हे खरं आहे आणि यावर भावनेनं बोलून काही होत नाही. पण सगळं ठेवा म्हणजे सगळं एकदम सुंदर रंगीत छापा असं नाही. आधी यादी. कोणी, कोणाला, कधी, कुठून, कोणाच्या अक्षरात, एका ओळीचा विषय. आयर्व्हिंगच्या पत्रव्यवहाराची अशी सूची आज ऑनलाइन शोधता येते आणि तेवढ्यानंही अभ्यासाचा रंगच बदलतो, कारण मग उतारा फेकून मारणाऱ्याला विचारता येतं की त्याच आठवड्यातल्या बाकीच्या पत्रांत काय आहे. कागद कोरड्या जागी राहिला आणि यादीत आला तर स्कॅन तीस वर्षांनी झालं तरी चालेल. लिलावात मात्र तारखांच्या ओळीतून एकेक पत्र सुटं होऊन सहीसाठी विकलं जातं ते थांबायला हवं, निदान विकायच्या आधी त्याची नक्कल सार्वजनिक ठिकाणी ठेवायची अट हवी. आणि यादी करायला कुणी बसलंच तर माझी एक विनंती आहे, सुरुवात नटाच्या सहीच्या पत्रांपासून करू नका, ती कुणीतरी जपलेलीच असतात, सुरुवात एलनच्या भाचीच्या पत्रांपासून आणि कारभाऱ्यांच्या हॉटेल बिलांपासून करा, कारण पहिली फेकली जातात ती तीच.